सकाळचा निरोप मागे घेते

परळ, मुंबई
२२ जानेवारी २०२५

चि. प्रिती,
सप्रेम जय भीम.

मी सुखरूप पोचले. गुडघे जागेवर आहेत, सर्दी झालेली नाही. मनालीच्या बस स्टँडवर एकाने मला "माताजी, हाथ पकड़ूँ क्या?" असं विचारलं. त्याला मी काय उत्तर दिलं ते तू ऐकलं नाहीस हे बरंच झालं. तुझी आई ठणठणीत आहे. दारातच तिने विचारलं, "वन्सं, पोर जेवते का वेळेवर?" मी म्हटलं, जेवते आणि आपली भांडी आपण घासते. पहिल्या गोष्टीवर तिचा विश्वास बसला, दुसरीवर नाही.

फोनवर तुझा आवाज दर दोन शब्दांनी तुटतो. तुमच्या खात्याची गाडी आठवड्यातून एकदा टपाल वर नेते, म्हणून लिहिते आहे. सोबत डबा आहे. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून मी स्वतः आणलेले सुके बोंबील आणि लालबागेत डोळ्यांसमोर कुटून घेतलेला मसाला. बोंबील भाजशील तेव्हा खिडकी उघड. रालिंग ठाण्यावरच्या तुझ्या साहेबांना, रघुवीर सरांना, त्रास नको.

शेजारची रखमा रोज संध्याकाळी येऊन तुझे फोटो मागते. परवा म्हणाली, "बर्फ मोजायला सरकार पगार देतं? मग आमच्या नातवाला पण लावा, तो दिवसभर फ्रीज उघडून बघत असतो." मी तिला अर्धा तास समजावून सांगितलं. ती उठताना म्हणाली, "चंपाताई, तुमचा तुमच्या भाचीवर फार जीव आहे." मी तिला चहा दिला नव्हता, त्याचा राग असावा.

आता मुद्द्यावर येते. मी निघताना तू विचारलंस, "आत्या, कसं वाटलं माझं काम?" मी म्हणाले, "थंडी फार आहे." हे काही उत्तर नव्हे. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या बाईला तोंडावर कौतुक जमत नाही. कागदावर जमतं का बघते.

मी निघायच्या आदल्या दिवशी सकाळी आठला, आधीच्या खड्ड्याचे आकडे बघून, तू वायरलेसवर सातही ठाण्यांना सांगितलंस की उद्या संध्याकाळी वादळ येतं आहे, पण नाल्याच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये राहणारे रस्त्याचे सतरा मजूर आहेत तिथेच राहिले तरी चालेल. मी चुलीशी बसून ऐकत होते. आवाज खणखणीत, एक शब्द जास्त नाही. मला बरं वाटलं. मग तू चहाचा पेला घेऊन बाहेर गेलीस आणि बराच वेळ वरच्या कड्याकडे बघत उभी राहिलीस. आकाश निळंशार होतं. कड्याच्या टोकावरून बर्फाचा धुरळा उडत होता. मला तो नुसता सुंदर दिसला. तू आत आलीस आणि म्हणालीस, "सर, हवा फिरली. सगळं उडून नाल्याच्या बाजूला बसतंय." रघुवीर सरांनी स्वेटरचं बटण लावलं आणि म्हणाले, "तो खोदेंगे." एवढीच चर्चा. आमच्या कचेरीत एवढ्यासाठी तीन बैठका झाल्या असत्या.

मी येणार म्हटल्यावर तू म्हणालीस, "आत्या, वीस मिनिटं चढ आहे हां." मी चौथ्या मजल्यावर राहते आणि आमच्याकडे लिफ्ट नाही, हे तू विसरलीस. मग तू माझ्या छातीवर एक यंत्र बांधलंस. बर्फाखाली गेले तर शोधता यावं म्हणून. हे तू अशा सुरात सांगितलंस, जशी तुझी आई तुला छत्री घे म्हणायची. "मी पाय ठेवीन तिथेच पाय ठेवायचा. थांब म्हटलं की थांबायचं. का ते नंतर विचार." माझ्याशी अशा आवाजात कोणी बोलल्याला बरीच वर्षं झाली. मी थांबले, पाय ठेवले, काही विचारलं नाही.

तू धोक्याच्या उतारावर गेली नाहीस. त्याच दिशेला तोंड केलेला एक लहानसा, बिनधोक उतार निवडलास आणि तिथे छातीएवढा खोल खड्डा खणलास. रघुवीर सर वर उभे राहून कडा पाहत होते. त्यांची नजर एकदाही तुमच्या खड्ड्याकडे वळली नाही. एक खाली उतरला की दुसऱ्याने फक्त वर पाहायचं, हे तुमच्यात ठरलेलंच दिसलं. मला ते फार आवडलं.

मग तू सावलीतली भिंत फावड्याने गुळगुळीत केलीस आणि वरपासून खालपर्यंत हाताने तपासत गेलीस. वरच्या थरात अख्खी मूठ शिरली. त्याखाली चार बोटं. मग एकच बोट, तेही जोर लावून. आणि दीड हात खाली तुझं बोट एकदम भसकन आत गेलं. त्या थरातलं बर्फ तू काळ्या पट्टीवर घेऊन मला भिंगातून दाखवलंस. जाडी साखर. दाणा दाण्याला धरत नव्हता. "ही डिसेंबरच्या कडाक्यात झाली, आत्या. तेव्हापासून इथेच आहे. वर ओझं नव्हतं म्हणून गप्प होती."

पुढे तू बर्फाचा एक चौकोनी खांब कापून मोकळा केलास, त्यावर फावडं ठेवलंस आणि वरून थापट्या मारायला लागलीस. दहा नुसत्या मनगटाने, दहा कोपरापासून, दहा खांद्यापासून. बाविसाव्या थापटीला खांब त्या साखरेवर तुटला. मी म्हटलं, "म्हणजे बरंच घट्ट आहे की." तू बाजूला दुसरा खांब कापलास. तो बाराव्या थापटीलाच तुटला आणि ताटातून वडी सरकावी तसा वरचा अख्खा तुकडा तुझ्या गुडघ्यांवर येऊन पडला.

तू वहीत दोन्ही आकडे लिहिलेस. मी बघत होते. बावीस लिहिलास, खाली बारा लिहिलास. प्रिती, माझ्या नोकरीत मी शेकडो पाहणी-अहवाल पाहिले. सकाळी एक निर्णय जाहीर झालेला असेल, तर त्याला सोयीचा आकडा ठेवायचा आणि दुसरा गाळायचा, हे इतकं सरावाचं असतं की त्याला कोणी खोटं म्हणतसुद्धा नाही. तुझं पेन जरासुद्धा अडखळलं नाही.

आणि मग तू जे केलंस त्यासाठी हे पत्र आहे. तिथेच, खड्ड्यात गुडघ्यावर बसून, तू वायरलेस हातात घेतलास. "सब स्टेशन सुनें. सुबह का संदेश मैं वापस लेती हूँ. मैंने पुराने खड्डे के भरोसे बोला था, वो ग़लत था. नाले के मजदूर आज ही नीचे जाएँगे." 'मी' म्हणालीस. 'काही कारणास्तव' नाही, 'परिस्थिती बदलल्याने' नाही. छत्तीस वर्षांत मी एकाही साहेबाला आपला हुकूम अशा शब्दांत मागे घेताना ऐकलं नाही. मीही कधी घेतला नाही.

तो रस्त्याचा इंजिनिअर, सौमित्र, धापा टाकत वर आला तेव्हा किती चिडलेला होता! "मॅडम, सुबह आपने ही बोला था ठीक है! इतनी धूप में सत्रह आदमी कहाँ शिफ्ट करूँ?" मला वाटलं आता तू त्याला नियम ऐकवशील. मी ऐकवला असता. तू त्याला खड्ड्यात उतरवलंस. "हाथ डालिए. यहाँ. अब यहाँ." त्याचा हात साखरेत शिरला तसा त्याचा चेहरा उतरला. तरी जाताना पुटपुटलाच, "ऊपर तक शिकायत जाएगी." तू म्हणालीस, "जाने दो. पहले आदमी जाने दो."

सतरा माणसं पातेली, गोधड्या, एक रेडिओ घेऊन उन्हात खालच्या गावच्या शाळेत गेली. मी दुसऱ्या सकाळी मनालीकडचा बोगदा बंद व्हायच्या आत निघाले. परवा तू फोनवर म्हणालीस की बर्फ सुटलं, पण शेडच्या वर दोनशे पावलांवर थांबलं, आणि मजूर परत येताना हसत होते: मॅडमने फुकट शाळेत झोपवलं. तुझा आवाज जरा पडलेला वाटला. हसू देत. ते हसले ते सतराच्या सतरा हसले. बर्फ कुठे थांबलं हा तुझ्या कामाचा निकाल नाही. तुझ्या कामाचा निकाल दुपारी त्या खड्ड्यात लागला होता आणि त्याला मी साक्षीदार आहे.

अजित असता तर त्याने हे अख्ख्या चाळीला ऐकवलं असतं. तुझा बाप मोठ्याने बोलायचा. मी लिहून ठेवते.

एक सांगायचं राहिलं. मी तुला पाहायला आले म्हणाले होते. ते तेवढंच नव्हतं. असो. खात्याकडून तुला एखादा कागद येईल, कदाचित येणारही नाही. आला तर रागाच्या भरात काही लिहून देऊ नकोस, आधी मला कळव. का ते नंतर विचार.

कानटोपी घालत जा.

तुझी,
चंपाआत्या


परळ
४ फेब्रुवारी २०२५

प्रिती,

जय भीम. काल फोनवर तू जितकं बोललीस त्यातलं निम्मं कळलं, पण जे कळलं ते पुरे आहे. पुण्याच्या कचेरीत बदली. 'प्रशासकीय कारणास्तव.' एक मार्चला हजर व्हायचं. टेबलाचं काम, नकाशे आणि आकडे.

तू म्हणालीस, "रघुवीर सरांनीच केलंय हे. सौमित्रने तक्रार केली, आणि सरांनी मला ढकलून दिलं. समोर एक, मागे एक." आणि म्हणालीस, मी त्यांच्याशी बोलणं बंद केलंय, कामापुरतं हो-नाही. राजीनामा लिहून ठेवलाय.

राजीनामा पाठवू नकोस. माझं हे एवढं ऐक.

रघुवीर सरांबद्दल मी काय सांगणार? मी त्यांना चार दिवस पाहिलं. हा माणूस पाठीमागून काही करेल असं मला वाटत नाही. मी खड्ड्याजवळ होते तेव्हा ते एकदा खाली न बघताच माझ्याशी बोलले. "माताजी, ये लड़की बर्फ मुझसे अच्छा पढ़ती है. पहले मैं इसको सिखाता था." एवढंच. त्यांच्या मिशीवर बर्फ जमलं होतं. मी ते तुला तेव्हा सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

इथे सगळं ठीक आहे. तुझ्या आईचं ब्लड प्रेशर परवा मोजलं, चांगलं आहे. ती रोज सकाळी नायगावपर्यंत चालत जाऊन येते. काल चालताना तिने एका मोटारसायकलवाल्याला फूटपाथवरून खाली उतरवलं आणि वर त्याचा नंबर लिहून आणला, मी तक्रार लिहावी म्हणून. मी लिहिली. अशा गोष्टींना मी अजून उपयोगी पडते.

तू फोनवर शेवटी विचारलंस, "तू म्हणाली होतीस ना एखादा कागद येईल म्हणून? तुला कसं माहीत होतं?" आणि लाइन तुटली. लाइन मी कापली नाही, ती आपोआप तुटली. पण तुटल्यावर मी परत फोन लावला नाही, हे खरं.

बदलीच्या हुकमांचा मला अनुभव आहे. ते बरेचदा अर्जामुळे निघतात, बरेचदा रिकाम्या जागेमुळे. प्रत्येक हुकमामागे कुणाचा तरी डाव असतोच असं नाही. तू शांत डोक्याने विचार कर. पुण्याची जागा वाईट नाही. आकड्यांचं कामही कुणीतरी नीट करायला हवं.

हे वरचं वाक्य मी पुन्हा वाचलं. ते राहू देते, पण तू त्याला फार किंमत देऊ नकोस.

सरांशी बोलायला लाग.

आत्या


परळ
६ फेब्रुवारी २०२५

प्रिती,

परवाचं पत्र तुला मिळेल त्याच गाडीने हेही मिळेल. ते आधी वाचलं असशील तर बाजूला ठेव. ते एका भित्र्या बाईने लिहिलं आहे.

तुझ्या बदलीचा अर्ज मी लिहिला. ३ डिसेंबरला, माझ्या हाताने, तुझ्या आईच्या नावाने. सौमित्रच्या तक्रारीचा त्याच्याशी संबंध नाही. रघुवीर सरांना त्यातलं काही ठाऊक नाही.

आता सगळं क्रमाने सांगते.

नोव्हेंबरमध्ये तू फोनवर सहज म्हणालीस की तुमच्या पलीकडच्या ठाण्यावरचा एक निरीक्षक कमरेपर्यंत बर्फात गाडला गेला होता, पण निघाला. तू हसत होतीस. मी त्या दिवसापासून नीट जेवले नाही. आणि मला जे येतं ते मी केलं. मला अर्ज लिहिता येतो. या चाळीतल्या शंभर घरांचे अर्ज मी लिहिले आहेत. गिरण्या बंद पडल्यावर थकलेली देणी, रेशन, शाळाप्रवेश, विधवांचं पेन्शन. माझा अर्ज सहसा परत येत नाही, याचा मला गर्व आहे, आणि तोच इथे आडवा आला.

मी लिहिलं की अर्जदार विधवा आहे, हृदयविकाराने आजारी आहे, एकुलत्या एका मुलीखेरीज तिला पाहणारं कोणी नाही. विधवा हे खरं. बाकीचं खोटं. दर्शनाला, तुझ्या आईला, हृदयविकार नाही, आणि तिला पाहणारी मी शेजारच्या खोलीत आहे. पुढे असंही लिहिलं की मुलगी मानी आहे, तिला कळल्यास ती नकार देईल, तरी बदली प्रशासकीय कारणावर दाखवावी ही नम्र विनंती. म्हणजे ज्या दोन शब्दांवरून तू रघुवीर सरांना दोषी ठरवलंस ते दोन शब्द माझे आहेत. अर्ज उत्तम होता. दोन महिन्यांत काम झालं.

आणि तुझ्या आईने तो वाचलेला नाही. मी कागद पुढे केला तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने पिठाचा हात पुसला आणि एवढंच विचारलं, "कुठे करू?" मी बोट ठेवलं. तिने सही केली आणि परत परातीकडे वळली. तिला वाटलं गॅसच्या जोडणीचं काहीतरी असेल.

माझे बाबा, तुझे आजोबा भिवा, गिरणीच्या सूतकताई खात्यात होते. लिहायला त्यांना फक्त आपलं नाव येत होतं, तेही रात्रशाळेत जाऊन शिकलेलं. पण कुठल्याही कागदावर ते नाव घालण्याआधी ते मला समोर बसवायचे. "चंपे, वाच. सगळं वाच. छोट्या अक्षरातलं पण." मी बी.ए. झाले तरी ते माझ्यावर विश्वास ठेवून सही करत नसत. मला तेव्हा राग यायचा. आपल्या माणसांच्या अंगठ्यांखाली कोणी काय काय लिहून घेतलं होतं ते त्यांना माहीत होतं. मला तेच पुस्तकातून माहीत होतं. आणि तरी मी माझ्या भावाच्या बायकोकडून तशी सही घेतली.

जानेवारीत मी तुझ्याकडे आले ती मन वळवायला. बदलीचा हुकूम आला की तू चिडशील, तेव्हा तुला पुण्याला जायला राजी करता यावं म्हणून आधी जमीन तयार करायला. ते चार दिवस मी तुझं काम पाहिलं आणि माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. त्या खड्ड्याशी उभी असताना माझा अर्ज कुठल्या तरी टेबलावर पडलेला होता. मला तेव्हाच बोलता आलं असतं. परतल्यावर पहिल्या पत्रात बोलता आलं असतं. मी तुझं कौतुक लिहिलं. ते खरं होतं, प्रत्येक अक्षर. पण खऱ्या कौतुकाआड लपता येतं हे मला माहीत नव्हतं.

काल सकाळी बातम्यांत सांगितलं की उद्यापासून तुमच्याकडे पुन्हा मोठं वादळ आहे. माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली. तू खड्ड्यात उतरली आहेस, सर वर उभे आहेत, आणि तुम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतंच हो-नाही करता आहात. हे पत्र पोचायला आठ दिवस लागतात.

म्हणून मी आधी दर्शनाकडे गेले. अर्जाची माझ्याकडची प्रत तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवली. ती मेथी निवडत होती. हृदयविकार आला तिथे तिचा हात थांबला. वाचून झाल्यावर म्हणाली, "मला तेव्हाच वाचून दाखवायचा होतात ना, वन्सं."

"तू सही केली नसतीस."

"नसतीच केली. म्हणूनच वाचायचा होतात."

मी म्हटलं, तुला भीती नाही वाटत पोरीची? त्यावर ती जे बोलली ते तसंच लिहिते. "तुम्हाला एकटीलाच वाटते का? मी रोज सकाळी नायगावपर्यंत कशाला जाते? घरात बसवत नाही म्हणून जाते. पण ती तिचं काम करते, मी माझी भीती सांभाळते. तिच्या गळ्यात कशाला घालू?"

आपल्या घरातली शिकलेली बाई कोण, याबद्दल माझा काही वर्षं गैरसमज होता.

मग तिच्याच फोनशेजारी चिकटवलेला, तू अडीअडचणीसाठी दिलेला नंबर लावला. मनालीचा नियंत्रण कक्ष. पलीकडे एक तरुण ऑपरेटर होता. मी म्हटलं, "रालिंग ठाण्यासाठी निरोप आहे. लिखो."

"माताजी, ये चैनल सरकारी काम के लिए है."

"मेरा भी सरकारी कागज का ही काम है. तुम लिखो, मैं बोलती."

मी सांगितलं. परेल से चंपा. प्रिती के तबादले की झूठी अर्जी मैंने लिखी थी. रघुवीर सर का इसमें कोई हाथ नहीं, उनको मालूम भी नहीं. ये अर्जी मैं वापस लेती हूँ. दोनों साथ में काम करो.

त्याने सगळं लिहून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "माताजी, 'झूठी' निकाल दूँ? सातों स्टेशन सुनते हैं."

मी म्हटलं, "सुनने दो. झूठी रहने दो."

मी फोनवर ऐकत असतानाच त्याने तो निरोप वायरलेसवर वाचला. एकेक शब्द, सरकारी सुरात. माझं नाव, परळ, झूठी, सगळं त्या डोंगरांवरून गेलं. दर्शना माझ्या शेजारी उभी होती. तिने खुर्ची पुढे केली.

थोड्या वेळाने त्याचा परत फोन आला. रघुवीर सरांनी म्हटलं, "मैसेज मिला." मी विचारलं, आणि प्रिती मॅडम? तो म्हणाला, "वो सेट के पास ही थीं. कुछ बोलीं नहीं."

ठीक आहे.

सोबत दोन कागद आहेत. एक, आधीचा अर्ज खोटा असून तो मी, चंपा भिवा, हिने अर्जदाराला न वाचून दाखवता सही घेऊन पाठवला, असं माझं लेखी निवेदन. त्यामुळे माझ्यावर काही कारवाई झाली तर होऊ दे. मूळ प्रत मी काल मोठ्या पोस्टातून रजिस्टर्डने खात्याकडे पाठवली. ती तुझ्या परवानगीसाठी थांबवली नाही, कारण खोटं मागे घ्यायला कुणाच्या परवानगीची गरज नसते.

दुसरा कागद दर्शनाचा. बदली रद्द करावी असा. तो मी लिहिला, दोनदा वाचून दाखवला, आणि तिने त्यात दुरुस्ती केली. "लिहा, माझी तब्येत चांगली आहे. आणि लिहा, मुलीला मे महिन्यात पंधरा दिवस रजा द्यावी."

मी म्हटलं, "असल्या अर्जात रजेची मागणी बसत नाही, दर्शना."

"बसवा."

बसवली. हा कागद मात्र पाठवलेला नाही. पुण्याला जायचं की तिथेच राहायचं हे तू ठरवायचं आहेस. राहणार असशील तर तू तो पुढे पाठव. जाणार असशील तर फाड. माझं मत विचारलंस तर देईन. विचारल्याखेरीज देणार नाही, आणि विचारलंस तरी आधी हे लक्षात घे की मला भीती वाटते. मला कायम वाटणार. अडुसष्टाव्या वर्षी ती जाईल असं वाटत नाही. ती आकड्यांत धरू नकोस.

सरांना माझा नमस्कार सांग. त्यांची माफी मी वेगळ्या पत्रात, हिंदीत मागितली आहे. हिंदी तपासून घेतलेली नाही. चुका असतील.

तुझ्याकडून लगेच उत्तराची अपेक्षा नाही, असं मी इथे लिहिलं होतं. ते खोडलं आहे, दिसेलच तुला. अपेक्षा आहे. रोज चौथ्या मजल्यावरून खाली उतरून टपालपेटी बघून येते, दिवसातून दोनदा, आणि रखमाला सांगते की पाय मोकळे करायला जाते.

तिलाही आज खरं सांगितलं.

वाट पाहते आहे.

चंपा